भांड्यावर नाव कोरतो, तसं फाइलीत नाव कोरा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावजेवण असलं की घराघरातून गंज, पराती, बादल्या गोळा होतात. रात्री शेवटची पंगत उठली की सगळी भांडी एकाच ढिगात घासली जातात. तरी दुसऱ्या दिवशी ज्याची परात त्याच्याच घरी पोचते, कारण काठावर नाव कोरलेलं असतं. कागदाची चिठ्ठी डकवली असती तर ती पहिल्याच घासणीत वाहून गेली असती.

संगणकातल्या फाइलींचंही तसंच आहे. फाइलीला दिलेलं नाव, फोल्डरचं नाव, वेगळ्या वहीत केलेली यादी या सगळ्या चिठ्ठ्याच. फाइल या हातातून त्या हातात गेली की त्या गळून पडतात. पण फोटो, गाणं, पीडीएफ, वर्डची फाइल अशा बहुतेक प्रकारांत फाइलीच्या पोटातच माहिती लिहायला जागा ठेवलेली असते. तिथे लिहिलेलं फाइलीसोबत फिरतं. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी गावच्या वाचनालयात जुने फोटो, भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आणि जुनी कागदपत्रं सांभाळतो, म्हणून उदाहरणं तिथलीच येतील.

हे शिकण्याआधी आमचं एक नुकसान झालं. गावातल्या घरांतून जुने फोटो मागून आणून दोनशेच्या वर स्कॅन केले होते. एक आबाजी रोज दुपारी येऊन बसायचे आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायचे, "हा पेटीवाला जी, अन् मागं उभा तो माहा मोठा भाऊ." मी ते सगळं एक्सेलच्या यादीत टिपत गेलो. पुढे संगणक बिघडला, फॉरमॅट करावा लागला. फोटो पेनड्राइव्हवर होते म्हणून वाचले, यादी नव्हती म्हणून गेली. आबाजी त्याच पावसाळ्यात वारले. त्या फोटोंची नावं अजून 'स्कॅन ००४७' अशीच आहेत, आणि तो पेटीवाला कोण हे सांगणारं आता गावात कुणी उरलेलं नाही. तीच माहिती फोटोच्या पोटात लिहिली असती तर ती फोटोबरोबर वाचली असती. त्यासाठी एका फोटोमागे दोन मिनिटं लागली असती.

हात लावण्याआधी

मूळ फाइलींवर कधीच काम करू नका. सगळ्या फोल्डरची नक्कल आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर उतरवा, मूळ फोल्डर बाजूला ठेवा आणि नकलेवर काम करा. आपल्याकडे हे जास्तच पाळायला हवं. माहिती लिहिताना संगणक ती फाइल नव्याने लिहीत असतो आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. यूपीएस नसेल तर लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना बसा. फोन वायरीने जोडून थेट फोनमधल्या फाइलींवर लिहायला जाऊ नका. आधी त्या संगणकावर घ्या.

दुसरी तयारी मराठी टंकलेखनाची. आपल्याकडे तालुक्याच्या टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षं कृतिदेव किंवा श्रीलिपीवर काम झालं. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं अक्षर दिसतं मराठी, पण फाइलीत ते इंग्रजी अक्षरंच असतं. वरून फक्त फॉन्टचं सोंग चढवलेलं असतं. मेटाडेटाच्या रकान्यात फॉन्ट निवडायची सोयच नसते. त्यामुळे कृतिदेवमधला मजकूर तिथे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोळा दिसतो. म्हणून युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे ज्या पद्धतीत मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो तिच्यात. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करता येतो. ते जमत नसेल तर फोनवर मराठीत टाइप करून मजकूर स्वतःला पाठवा आणि संगणकावर चिकटवा. फोनवरचं मराठी युनिकोडच असतं.

काय लिहायचं

लोक सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते आधी विचारतात. माझ्या मते आधी काय लिहायचं ते ठरवावं. सॉफ्टवेअर दहा वर्षांत बदलेल, लिहिलेली ओळ तीच राहील.

फोटोत कोण आहे, कुठे, केव्हा, कोणत्या प्रसंगाचा, फोटो कुणी काढला आणि आपल्याला कुणी दिला, एवढं आलं तर पुष्कळ झालं. नावं 'डावीकडून उजवीकडे' अशा क्रमाने लिहा. मागची रांग, पुढची रांग वेगळी सांगा. गावाच्या नावासोबत तालुका आणि जिल्हा लिहाच. विदर्भात पिंपळगाव किती, खैरी किती, सोनेगाव किती! नुसतं 'खैरी' लिहिलेला फोटो नागपुरात बसून पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही.

बायकांची नावं लिहिताना एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. सांगणारा बहुतेक वेळा 'अमक्याची सून', 'तमक्याची माय' असं सांगून पुढे जातो. तिथे थांबून तिचं स्वतःचं नाव विचारा आणि जमलं तर माहेरचं गावही. जुन्या सरकारी कागदांत ही नावं सहसा सापडत नाहीत. फोटोच्या पोटात तुम्ही लिहिलंत तर कदाचित तीच त्या बाईची एकमेव नोंद असेल.

तारीख माहीत नसेल तर 'अंदाजे' हा शब्द लिहायला लाजू नका. 'अंदाजे १९७२, दुष्काळाच्या साली, असं सांगणाऱ्याचं म्हणणं' ही प्रामाणिक नोंद झाली. प्रसंगावरूनही बरंच कळतं. दंडार (आमचं लोकनाट्य) आणि मंडई (गावची जत्रा) यांचा फोटो म्हणजे दिवाळीनंतरचा, रोवण्याचा (धानाच्या लावणीचा) म्हणजे पावसाळ्यातला, लाकडी बैल घेतलेली पोरं म्हणजे तान्हा पोळा, पोळ्याचा दुसरा दिवस. साल नसलं तरी एवढं लिहा.

फोटो

सुरुवात एकाच जेपीजी फोटोपासून करा. विंडोजमध्ये फोटोवर उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज' उघडा, वरच्या पट्टीतलं 'डिटेल्स' निवडा. तिथे 'टायटल', 'सब्जेक्ट', 'टॅग्ज', 'कॉमेंट्स', 'ऑथर्स', 'डेट टेकन', 'कॉपीराइट' असे शब्द दिसतील. त्यांच्यासमोरच्या रिकाम्या जागेवर टिचकी मारली की रकाना उघडतो. 'टायटल'मध्ये एका ओळीचं शीर्षक, 'कॉमेंट्स'मध्ये नावं आणि हकिगत, 'टॅग्ज'मध्ये शोधायचे शब्द अर्धविराम देऊन: रोवणा; धान; गावाचं नाव; जिल्हा. 'ऑथर्स'मध्ये फोटो काढणारा. मग 'अप्लाय'. झालं. एकाच प्रसंगाचे वीस फोटो असतील तर वीसही एकदम निवडून 'प्रॉपर्टीज' उघडा. सगळ्यांना समान असलेली माहिती एकाच वेळी भरता येते. नावं मात्र एकेकाची वेगळी भरा.

असं लिहिल्याने फोटो बिघडत नाही. जेपीजीमध्ये चित्राचा भाग वेगळा आणि माहितीचा कप्पा वेगळा असतो, आपण फक्त कप्पा भरतो. चित्र खराब होतं ते फोटो एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा पुन्हा 'सेव्ह' करण्याने.

आता या कप्प्यांविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी लिहिणाऱ्याचं सगळं अडतं ते इथेच. फोटोच्या पोटात तीन कप्पे असतात आणि ते तिघांनी तीन काळांत केले. पहिला एक्झिफ, १९९५ साली जपानमध्ये ठरलेला. कॅमेरा आणि फोन स्वतःहून भरतात तो हा: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, जीपीएस चालू असेल तर ठिकाण. यातले मजकुराचे रकाने मुळात रोमन अक्षरांसाठी बनवले होते. त्यांतल्या बहुतेकांना युनिकोडची अधिकृत सोय २०२३ च्या ३.० आवृत्तीत मिळाली. म्हणजे जुन्या प्रोग्रॅमने एक्झिफमध्ये मराठी लिहिलं तर दुसरीकडे त्याची प्रश्नचिन्हं होऊ शकतात.

दुसरा कप्पा आयपीटीसी, वृत्तपत्रांच्या कामासाठी केलेला. यात प्रत्येक रकान्याला बाइटची, म्हणजे संगणकातल्या जागेच्या मापाची, मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा धरल्या जातात. शहराच्या नावाला ३२ बाइट ठेवले आहेत. 'चंद्रपूर' मोजा: आठ खुणा, २४ बाइट, बसतं. 'सिंदखेडराजा' मोजा: अकरा खुणा, ३३ बाइट. एका बाइटने बाहेर! जिजाऊंचं जन्मगाव या रकान्यात पूर्ण मावत नाही, मर्यादा पाळणारं सॉफ्टवेअर शेवटचा काना कापून टाकतं. एका टॅगला ६४ बाइट, म्हणजे देवनागरीच्या २१ खुणा. वर्णनाला २००० बाइट, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास खुणा. गटफोटोतली चाळीस माणसं लिहायला बसलात तर शेवटची काही तुटतील.

तिसरा कप्पा एक्सएमपी, अडोबीने २००१ मध्ये आणलेला आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला. तो मुळापासून युनिकोडचा आहे आणि वर्णनाला अशी कंजूष मर्यादा नाही. मराठीसाठी हाच आपला कप्पा. विंडोजच्या 'डिटेल्स'मधून लिहिलेलं शीर्षक एक्सएमपीतही जातं, त्यामुळे सुरुवातीला तेवढ्यावर भागतं.

काम वाढलं की डिजीकॅम हा फोटो सांभाळायचा प्रोग्रॅम घ्या. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. पण बसवल्याबरोबर एक गोष्ट करा: सेटिंग्जमधल्या 'मेटाडेटा' विभागात जाऊन शीर्षक, वर्णन, टॅग्ज आणि चेहऱ्यांची माहिती फाइलीत लिहायच्या खुणा लागलेल्या आहेत का ते बघा. नसतील तर तुम्ही लिहिलेलं सगळं डिजीकॅमच्या स्वतःच्या वहीत राहील, फोटोत नाही. म्हणजे माझ्या एक्सेलच्या यादीचीच गत. डिजीकॅमची मला सर्वांत आवडणारी सोय चेहऱ्याची. गटफोटोत एकेका चेहऱ्याभोवती चौकोन काढून नाव लिहिता येतं आणि तो चौकोन एक्सएमपीत जातो. डावीकडून तिसरा कोण, हा वादच राहत नाही.

शेकडो फोटो असतील तर एक्झिफटूल हा प्रोग्रॅम. फिल हार्वे यांनी २००३ पासून तो बांधत आणला आहे आणि फुकट दिला आहे. यात बटणं नाहीत, हुकूम टाइप करावे लागतात. पहिल्या महिन्यात याच्या वाटेला जाऊ नका. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. फोटोच्या कोणत्या कप्प्यात काय आहे हे तो सगळं उघडं करून दाखवतो. आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा फुकट प्रोग्रॅम) भरलेली यादी यूटीएफ-८ सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेली साधी फाइल, करून दिली तर ती एका झटक्यात सगळ्या फोटोंत उतरवतो. गावातल्या बारावीच्या मुलीने एकदा हे पाहिलं की ती तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. तिला ते काम द्या.

जुन्या फोटोच्या तारखेत एक खड्डा आहे. १९६५ च्या लग्नाचा फोटो फोनने टिपला तर फोन त्याला आजची तारीख आणि वाचनालयाचं ठिकाण लावतो. पुढे कुणी तारखेने लावायला गेला तर ते लग्न यंदाचं ठरतं. 'डेट टेकन' बदला, पण तिथे पूर्ण तारीख भरावी लागते. नुसतं साल माहीत असेल तर मी त्या सालची १ जानेवारी टाकतो आणि वर्णनात 'महिना व दिवस माहीत नाही' असं स्पष्ट लिहितो. हे न लिहिता टाकलेली १ जानेवारी म्हणजे खोटी तारीख.

पीएनजीत विंडोज हे रकाने भरू देत नाही. म्हणून स्कॅन करताना जतनाची प्रत टीआयएफएफ आणि वाटायची प्रत जेपीजी असं ठरवून घ्या.

भजनं, दंडारी, आवाज

फोटो निदान डोळ्यांना काहीतरी सांगतो. 'नवीन रेकॉर्डिंग १७' ऐकल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि ऐकूनही गाणारा कोण ते कळत नाही. म्हणून आवाजाच्या फाइलींवर मी फोटोंपेक्षा जास्त वेळ देतो.

एमपी३ मधल्या माहितीला आयडी३ म्हणतात. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत फाइलीच्या शेवटी फक्त १२८ बाइट मिळायचे. त्यात शीर्षकाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४. प्रकारासाठी ठरावीक यादीतला एक आकडा, आणि त्या यादीत भजन कुठून असणार? १९९८ नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीने जागा फाइलीच्या सुरुवातीला नेली, लांबीचं बंधन काढलं, युनिकोड आणलं, चित्र आणि गाण्याचे शब्दही ठेवता येऊ लागले. आपल्याला हीच वापरायची.

विंडोजवर एमपी३टॅग नावाचा प्रोग्रॅम घ्या, लिनक्सवर किड३. एमपी३टॅगच्या ऑप्शन्समध्ये एमपी३ साठी 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' निवडा, म्हणजे मराठी अक्षरं जुन्या प्लेअरवरही टिकण्याची शक्यता सर्वांत जास्त. मग फोल्डर उघडा, फाइल निवडा, डावीकडच्या रकान्यांत लिहा, सेव्हचं बटण दाबा.

रकाने सिनेमाच्या गाण्यांसाठी बनवलेले आहेत, ते आपल्या कामाला लावावे लागतात. आम्ही असं ठरवलं आहे: 'टायटल'मध्ये भजनाची पहिली ओळ. 'आर्टिस्ट'मध्ये गाणाऱ्याचं नाव, मंडळ असेल तर मंडळाचं नाव आणि गाव. 'अल्बम'मध्ये प्रसंग, उदाहरणार्थ काकड आरती किंवा मंडईची रात्र. 'कंपोझर'मध्ये रचना कुणाची ते. 'जॉनर'मध्ये आता हवं ते लिहिता येतं, म्हणून भजन, दंडार, खडी गंमत असं सरळ लिहितो. 'कॉमेंट'मध्ये पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, कुठे आणि कुणी रेकॉर्ड केलं, कॅसेट कुणाकडून आली.

शब्दांच्या रकान्यात गाणं जसं गायलं तसंच लिहा. गाणाऱ्याने 'मले' म्हटलं असेल तर 'मला' करू नका. झाडीबोलीतल्या किंवा वऱ्हाडीतल्या शब्दाला पुस्तकी कपडे घालायची सवय आपल्याला शाळेने लावली, पण इथे ती नोंदीची चूक ठरते. एखाद्या शब्दाचा अर्थ बाहेरच्याला कळणार नाही असं वाटलं तर तो कॉमेंटमध्ये द्या, शब्दाला हात लावू नका.

कॅसेटवरून उतरवलेला आवाज बहुधा डब्ल्यूएव्हीत असतो. त्यात माहिती लिहिण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत आणि प्रत्येक प्रोग्रॅम त्या वाचेलच असं नाही. मी अशा फाइलीची ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममधून एफएलएसी प्रकारची फाइल करतो. आवाजाचा एक कणही कमी होत नाही, आकार बराच घटतो आणि त्यातली माहिती मुळातच यूटीएफ-८ मध्ये असते, त्यामुळे मराठीचा प्रश्न येत नाही. ऑडॅसिटीत 'मेटाडेटा एडिटर' आहे, त्यात भरलेलं फाइल बाहेर काढताना सोबत जातं. व्हॉट्सअॅपवर आलेला आवाजी निरोप ओपस प्रकारात असतो. त्यालाही एमपी३टॅगमधून नाव लावता येतं. एखाद्या आजीने नातवाला पाठवलेली जात्यावरची ओवी अशीच फोनमध्ये पडून असते.

व्हिडिओचं थोडक्यात सांगतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडा, 'टूल्स'मधून 'मीडिया इन्फर्मेशन' काढा, शीर्षक आणि वर्णन भरून 'सेव्ह मेटाडेटा' दाबा. एमपी४ फाइल मोठी असते म्हणून नकलेवरच करा.

कागदपत्रं

लिबरऑफिसमध्ये 'फाइल', मग 'प्रॉपर्टीज', मग 'डिस्क्रिप्शन'. वर्डमध्ये 'फाइल', मग 'इन्फो', उजव्या बाजूला रकाने दिसतात. वर्डची डॉक्स फाइल खरं तर झिप केलेली पिशवी असते आणि तिच्यात माहितीचा एक वेगळा कागद ठेवलेला असतो. त्या कागदावरचे बरेच रकाने डब्लिन कोअर नावाच्या यादीतून आले आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी १९९५ मध्ये भरलेल्या बैठकीतून ती यादी निघाली. ग्रंथालयाचं काम करणाऱ्यांना तिचे पंधरा रकाने लगेच ओळखीचे वाटतील: शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, तारीख, भाषा, हक्क.

इथे भरण्यापेक्षा आधी काय भरलेलं आहे ते पाहणं महत्त्वाचं. तालुक्याला जाऊन अर्ज टाइप करून आणला तर लेखकाच्या रकान्यात त्या दुकानातल्या संगणकावर भरून ठेवलेलं नाव असतं. जुन्या कुणाच्या फाइलीवर नवा मजकूर भरला असेल तर त्या आधीच्या माणसाचंही असू शकतं. नोकरीच्या अर्जाच्या पोटात दुसऱ्याचं नाव निघणं बरं नाही. पाठवण्याआधी दुरुस्त करा. शीर्षकही पाहा, कारण पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडल्यावर वरच्या पट्टीत फाइलीचं नाव नाही, पोटातलं शीर्षक दिसतं. फाइलीचं नाव 'ग्रामसभा ठराव' आणि वर दिसतंय भलतंच, असं होतं ते यामुळे.

पीडीएफ बनवण्याआधी मूळ दस्तऐवजात रकाने भरा, मग 'एक्सपोर्ट' करा. माहिती पीडीएफमध्ये आपोआप जाते. लिबरऑफिसच्या एक्सपोर्टच्या चौकटीत पीडीएफ/ए ची खूण आहे, ती लावा. जतनासाठीचा हा प्रकार २००५ मध्ये मानक झाला. त्यात मेटाडेटा एक्सएमपीत असणं आणि फॉन्ट फाइलीतच असणं सक्तीचं आहे, म्हणून पुढे मराठी फॉन्ट नसलेल्या संगणकावरही कागद वाचता येतो. आधीच तयार असलेल्या पीडीएफमध्ये एक्झिफटूलने लिहिता येतं. मात्र त्याने पीडीएफमधलं नाव पुसलं तरी जुनी माहिती फाइलीत दडून राहते आणि परत काढता येते. लपवायचंच असेल तर पीडीएफ नव्याने बनवा.

साध्या टेक्स्ट फाइलीला आणि सीएसव्हीला पोटच नसतं. टेक्स्टच्या पहिल्या चार ओळींत माहिती लिहा. सीएसव्हीच्या शेजारी त्याच नावाची एक टेक्स्ट फाइल ठेवा आणि दोन्ही झिप करून एकत्रच द्या.

कुठे गळतं

इतकं करून फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की पोटातली माहिती जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. हे स्वतः करून पाहा: एकच फोटो दोन्ही पद्धतींनी स्वतःलाच पाठवा, दोन्ही उतरवून 'डिटेल्स' उघडा. हा दहा मिनिटांचा प्रयोग मी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो, कारण ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही. स्क्रीनशॉटमध्येही काही येत नाही. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन खात्यात राहतं, फोटोच्या फाइलीत नाही. सगळे फोटो एकदम उतरवून घेतले तर ते शेजारच्या वेगळ्या फाइलीत येतं.

गेल्या पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या धानाचा फोटो कुणाला पुरावा म्हणून द्यायचा असेल तर हे फार कामाचं आहे. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, म्हणजे तारीख आणि बांधाचं ठिकाण दोन्ही सोबत जाईल.

आणि याच्या अगदी उलट काही फोटोंचं. गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत सारस घरटं करतो. घरट्याचा फोटो ठिकाणासकट जगाला दिला तर त्या बांधीचा पत्ताच दिल्यासारखं होतं, कारण एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांपर्यंत असतात. वाघाच्या वाटेचा फोटो, लहान मुलांचे फोटो, एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या घराचा फोटो यांचंही तेच. अशा वेळी विंडोजच्या 'डिटेल्स'मध्ये अगदी खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' अशी ओळ आहे, ती दाबा. तिथे ठिकाणासकट काढता येईल ती सगळी माहिती काढून टाकलेली वेगळी प्रत बनवायची सोय आहे. ठिकाण असलेली प्रत वाचनालयात, नसलेली बाहेर. दोन्हींत गोंधळ नको म्हणून आम्ही फोल्डरच वेगळे केले आहेत.

कामाला बसताना

एका बैठकीत वीसपेक्षा जास्त फोटो घेऊ नका. सांगणारं माणूस थकतं आणि मग 'असंल कोणी' म्हणू लागतं. फोटो मोठ्या पडद्यावर दाखवा, डोळे कमजोर असलेल्यांना त्याचा फार उपयोग होतो. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. त्या रेकॉर्डिंगलाही त्याच संध्याकाळी नाव, गाव, तारीख लावा. ते उद्यावर टाकलं की तेही 'नवीन रेकॉर्डिंग' होऊन बसतं. फोटो सगळ्यांना दाखवायला चालेल की फक्त घरच्यांना, हेही विचारा आणि 'कॉपीराइट'च्या रकान्यात लिहून टाका.

दिवसाचं काम संपलं की त्यातल्या तीन फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कुठल्याही संगणकावर, शाळेतल्या किंवा सेवा केंद्रातल्या, नेऊन उघडा. 'डिटेल्स'मध्ये मराठी जसंच्या तसं दिसलं, एमपी३ वाजवताना गाणाऱ्याचं नाव पडद्यावर आलं, पीडीएफच्या पट्टीत शीर्षक आलं, तर काम नीट झालं आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर दुसऱ्या दिवशी नव्या फाइली घेण्याआधी कालच्या दुरुस्त करा.